मे महिन्यात राहता येईल असं घरकुल द्या: आराखडे ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
घरकुलांचे आराखडे ठरवणारे, मोजमाप घेणारे आणि हप्ते सोडणारे सर्व अधिकारी, तसेच ग्रामीण गृहनिर्माण अभियंते

सप्रेम नमस्कार.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावाची ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्याकडे कापूस, तूर, सोयाबीन आणि विहिरीला पाणी असेल त्या वर्षी हरभरा. घरकुलाची यादी वाचून दाखवणं, कागद जमवून देणं, हप्ता अडला की चौकशी करणं ही कामं माझ्या वाट्याला येतात. त्यामुळे गावातलं प्रत्येक घरकुल मी पायव्यापासून छतापर्यंत पाहिलेलं आहे आणि राहायला गेल्यानंतर आतून कसं आहे तेही पाहिलेलं आहे. त्यावरून एक मागणी करते. विदर्भातल्या घरकुलाचा आराखडा विदर्भाचं ऊन समोर ठेवून करा. आणि माती, चुना, कवेलू (कौलं), बांबू, राखेच्या विटा वापरून मजबूत बांधलेलं घरसुद्धा पक्कंच धरलं जाईल, त्याचा हप्ता अडणार नाही, हे लेखी द्या.

ही मागणी आत्ताच करण्याचं कारण आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या राज्यातल्या २० लाख कुटुंबांना प्रधानमंत्री आवास योजनेची मंजुरीपत्रं देण्यात आली. एवढी घरं एका झपाट्यात यापूर्वी कधी उभी राहिली नसतील. योजनेच्या चौकटीत पक्क्या घराकडून किमान ३० वर्षं टिकण्याची अपेक्षा आहे. म्हणजे आज जे छत आमच्या डोक्यावर पडेल त्याच्याखाली आज जन्मलेली पोरं मोठी होतील, त्यांची लग्नं होतील, सुना बाळंत होतील. उन्हाळे काही थंड होत चाललेले नाहीत. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा ही नावं दर उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांमध्ये असतात. हे तुम्हाला मी सांगायला नको. पण या आकड्यांचा घरकुलाच्या नकाशाशी काही संबंध आहे, असं मात्र कागदावर कुठे दिसत नाही.

आमच्या गावात आता दोन तऱ्हेची घरकुलं आहेत. ज्यांनी कर्ज काढलं किंवा बैलजोडी विकली त्यांच्या घरावर स्लॅब आहे. ज्यांचे पैसे सज्जापर्यंत येता येता संपले त्यांच्या घरावर टिना, म्हणजे पत्रे आहेत. मैदानी भागात घराचं अनुदान १ लाख २० हजार, रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार, एवढ्यात २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचं घर स्लॅबसकट होत नाही, हे तुमच्या प्रत्येक अभियंत्याला ठाऊक आहे. राज्याने आता ५० हजारांची भर जाहीर केली आहे आणि त्यातला काही भाग छतावरच्या सौरऊर्जेसाठी आहे. ती मिळाली तर चांगलंच आहे. पण वाढलेला पैसाही त्याच सिमेंटच्या पेटीत ओतला जाणार असेल, तर उन्हाळ्यात राहणाऱ्याच्या पदरात काय पडलं?

टिनाच्या घरात दुपारी अकरानंतर कोणी थांबत नाही. पत्रा पातळ, तो काही मिनिटांत तापतो आणि सगळी धग खाली सोडतो. स्लॅबचं वेगळं. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री सोडतो. संध्याकाळी बाहेर वारा सुटलेला असतो तेव्हा स्लॅबखालची खोली सर्वांत जास्त तापलेली असते, आणि ती मध्यरात्रीपर्यंत तशीच राहते. त्यात खिडक्या एकाच भिंतीला, समोरासमोर नाहीत, त्यामुळे वारा शिरला तरी निघायला वाट नाही. आमच्या शेजारच्या आत्याबाईंना मी विचारलं, नवीन घर कसं आहे? त्या म्हणाल्या, "घर झालं बाप्पा, पन उन्हाळ्यात आत जीव घाबरते. दिवसा लिंबाखाली बसतो अन् रातच्याले अंगणात झोपतो." ज्याला कूलर परवडतो तो कूलर लावतो. कूलरला वीज लागते आणि बादल्यांनी पाणी लागतं, आणि मे महिन्यात आमच्याकडे या दोन्ही गोष्टी सर्वांत कमी असतात.

माणसं शेतात, नाक्यावर, पारावर निघून जातात. घरात कोण राहतं ते बघा. चुलीपुढची बाई, बाळंतीण आणि तिचं तान्हं लेकरू, अर्धांग झालेला म्हातारा, शाळेला सुट्टी लागलेली पोरं. उष्माघाताच्या सूचना दरवर्षी येतात आणि त्यात लिहिलेलं असतं की दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका. ती सूचना ज्याने लिहिली त्याने टिनाच्या घरकुलात एक दुपार काढलेली नसावी.

आता कोणी म्हणेल, एवढं आहे तर तुम्ही जुन्या मातीच्या, कवेलूच्या घरातच का राहिला नाहीत? प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर आम्हीच दिलं पाहिजे. मातीचं घर थंड असतं म्हणून त्याची आरती ओवाळणारी मी नाही. दीड फुटाची मातीची भिंत ऊन आत यायला इतका वेळ लावते की तोवर रात्र होते, हे खरं. पण त्याच भिंतीला पावसाळ्यात खालून ओल चढते, उधई लागते, छपरातून विंचू पडतात. दर वर्षी भिंती मातीने छाबायच्या (लिंपायच्या), पोतारायच्या, भुई सारवायची. हे सगळं बायांच्या हातावर. ज्या बाईने वीस वर्षं शेणात हात घातले आहेत तिला फरशी हवी असेल तर तिला नावं ठेवायचा कोणालाही हक्क नाही.

आणि कवेलू गेले ते वानरांमुळे. शहरातल्या माणसाला हे पटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. जंगलात खायला उरलं नाही तशी वानरांची टोळी गावात शिरते. एक टोळी एका सकाळी छपरावरून गेली की शेपन्नास कवेलू फुटलेच समजा. पूर्वी उन्हाळा संपता संपता घरोघरी कवेलू फेरायचे. फुटके काढायचे, सरकलेले बसवायचे, आडे-मयाली-फाटे ही छपराची लाकडं तपासायची. ते काम जाणणारी माणसं होती आणि फुटलेल्याच्या जागी नवे कवेलू देणारा कुंभार गावात होता. आता कुंभाराची भट्टी बंद. फेरणारा माणूस मिळाला तर त्याची मजुरी परवडत नाही, आणि पावसाच्या पहिल्या सरीला गळतं पाणी झेलायला घरात ठिकठिकाणी गंजं (भांडी) मांडावी लागतात. अशा वेळी माणूस टिना टाकतो. तो परिस्थितीला धरूनच वागतो.

म्हणून मी असं म्हणतच नाही की सगळ्यांना परत जुन्या घरात पाठवा. मी म्हणते की जुन्या घरातला गारवा आणि नव्या घरातली मजबुती एकत्र आणता येते, ती आणायच्या रीती आपल्याच देशात सिद्ध झालेल्या आहेत, आणि त्यांतल्या काही तर आमच्या जिल्ह्यात आहेत. त्या घरकुलापर्यंत पोचत नाहीत.

वानरांच्याच प्रश्नाचं उत्तर बघा. केरळमध्ये गरिबांसाठी घरं बांधणारे वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी फिलर स्लॅब रूढ केला. त्याची पद्धत आमच्या मिस्त्रीला एका दिवसात समजेल. स्लॅबची सेंट्रिंग झाली, लोखंडाची जाळी बांधली, की जाळीच्या चौकोनांत कवेलू मांडायचे, एकावर एक पालथे, मध्ये हवा राहील असे, आणि वरून काँक्रीट ओतायचं. स्लॅबच्या खालच्या थरातल्या काँक्रीटला फारसं काम नसतं, तिथला ताण लोखंड घेतं. त्या जागी कवेलू बसले तर काँक्रीट वाचतं, स्लॅबचं वजन कमी होतं आणि कवेलूतली हवा ऊन अडवते. वर छत सपाटच राहतं, म्हणजे तूर-हरभरा वाळवायला, वड्या घालायला जागा तशीच. वानरं नाचली तरी काही फुटत नाही. खालून पाहिलं तर छतात कवेलूंची नक्षी दिसते, वेगळी सजावट करायची गरज नाही. आणि कुंभाराच्या भट्टीला काम मिळतं. घरकुलाच्या एका आराखड्यात हे आलं तर तालुक्यातल्या कुंभारांना वर्षभराचा धंदा होईल.

भिंतीचंही असंच. विटा आडव्या न ठेवता उभ्या ठेवायच्या आणि मध्ये पोकळी सोडायची, या रचनेला रॅट ट्रॅप बाँड म्हणतात. भिंतीची जाडी तीच, ९ इंच, पण सुमारे पाव विटा वाचतात, मसाला वाचतो आणि मधली पोकळी उन्हाला अडसर होते. वाचलेली प्रत्येक वीट म्हणजे शेतातली वाचलेली माती. आमच्याकडे विटाभट्टीसाठी शेताचा वरचा थर विकतात. पैसे एकदा मिळतात आणि मग त्या शेतात कित्येक वर्षं पीक नीट उभं राहत नाही. ती विकणारा शेतकरी हौसेने विकत नाही. पण घरकुलांच्या लाटेत विटांची मागणी वाढली की हा सौदाही वाढतो, याचा विचार आराखडा करणाऱ्याने केला पाहिजे.

भाजलेल्या विटेला पर्याय आमच्या दाराशी आहे. कोराडी, खापरखेडा, मौदा, चंद्रपूर, तिरोडा इथल्या औष्णिक केंद्रांतून डोंगराएवढी राख निघते. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या राखेच्या तलावाचा बांध फुटून राख शेतांत आणि नाल्यांत गेली होती, ती बातमी सगळ्यांना आठवत असेल. त्या राखेपासून विटा होतात, त्यांना भट्टी लागत नाही, शेतातली माती लागत नाही. वीजकेंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांत राखेपासूनचं साहित्य वापरण्याबद्दल केंद्राची ३१ डिसेंबर २०२१ ची अधिसूचनाही आहे. जवळजवळ सगळा विदर्भ या टप्प्यात येतो. राखेची वीट वजनदार असते, म्हणून तिचीही भिंत पोकळी ठेवूनच बांधावी, नाहीतर गारव्याचा फायदा मिळणार नाही. वीट चांगल्या कारखान्याची आहे की भुसभुशीत, हे तपासायची व्यवस्था मात्र तालुक्याला हवी. आमच्या लोकांना कोणीही काहीही विकून जातं.

आणि माती. काळ्या मातीचं घर आमच्याकडे कोणी बांधत नव्हतं, कारण ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर पाया घ्यायचा तरी मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. भिंतीला पांढरी माती आणायचे, जिच्या गढ्या अजून वऱ्हाडात उभ्या आहेत. तिच्यात गव्हांडा (गव्हाचा भुसा) किंवा तणस (धानाचा पेंढा) आणि शेण घालून कुजवायचे, मग भिंत घालायचे. आज त्याच मातीत थोडं सिमेंट किंवा चुना मिसळून हातयंत्राने दाबून विटा करता येतात, त्या भाजाव्या लागत नाहीत. त्यांचं मानक भारतीय मानक ब्युरोने ठरवून दिलेलं आहे, आयएस १७२५ या क्रमांकाचं. भूकंपात मातीची घरं टिकावीत यासाठीची मार्गदर्शिका आयएस १३८२७, ती १९९३ ची. बांबूच्या बांधकामासाठी आयएस १५९१२. म्हणजे सरकारी अभियंत्याला सही करायला आधार हवा असेल तर तो आहे. मातीची भिंत दगडी जोत्यावर घेतली, छताला दोन-अडीच फुटांची पाखं काढली आणि बाहेरून चुन्याचा गिलावा दिला, तर ओल आणि पाऊस या दोन्ही तक्रारी बऱ्याच मिटतात. वरच्या ज्या उणिवा मी सांगितल्या त्यांतल्या निम्म्या जोता बुटका आणि पाखं आखूड असल्यामुळे होत्या.

चुन्याबद्दल तर वाईट वाटतं. वणीजवळ राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत, कोरपना-गडचांदूर भागात चुनखडीचे साठे आहेत. त्याच चुनखडीचं सिमेंट होऊन पोत्यातून आमच्या गावात येतं, पण चुन्याचा गिलावा करणारा मिस्त्री शोधून सापडत नाही. जगातल्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के धरला जातो. चुना भाजतानाही धूर होतोच, पण गिलाव्यातला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून घेतच घट्ट होतो आणि त्याला सिमेंटएवढी आच लागत नाही. शिवाय तो भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. मातीच्या किंवा जुन्या दगडी भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत अडकते आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. घर दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला हे कोणीतरी सांगायला हवं.

पाण्याचाही हिशेब करा. आमच्याकडे घर बांधायचा हंगाम म्हणजे पिकं निघाल्यानंतर पाऊस येईपर्यंत. शेतीची कामं तेव्हाच संपतात आणि हातात थोडा पैसाही तेव्हाच असतो. नेमक्या त्याच दिवसांत विहिरी आटतात. स्लॅबवर दोन-तीन आठवडे पाणी मारायला हवं, आणि प्यायला टँकर येतो आहे. मग पाणी अर्धंच मारलं जातं आणि स्लॅब पहिल्याच पावसात गळतो. रेतीचं तसंच. घरकुलाला पाच ब्रास रेती मोफत देण्याचा शासनाचा निर्णय आहे, पण ती वेळेवर मिळेपर्यंत किती घरं जोत्यावर थांबून राहतात ते तुमच्याच नोंदीत आहे. ज्या बांधकामात सिमेंट-काँक्रीट कमी, त्यात रेतीही कमी आणि पाणीही कमी.

हे सगळं ज्ञान बाहेरून आणायची गरज नाही. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. तिथली घरं जवळपास मिळणाऱ्या साहित्यातून आणि गावच्या कारागिरांकडून झाली. त्यांच्या शिष्या मीराबेन यांनी बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर हातानेच झाडांची उठावाची नक्षी केली, ती अजून आहे. मे महिन्यात पाहुण्यांना घेऊन तिथे गेलं की आत पाय ठेवताच जो फरक जाणवतो तो मला कागदावर सांगता येणार नाही, तुम्ही स्वतः जा. ५ मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातून घर बांधावं, हा गांधीजींचा विचार लॉरी बेकर आयुष्यभर सांगत राहिले. पुढे वर्ध्याजवळ दत्तपूरला देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढलं. तिथे सुधारलेल्या मातीच्या घरांवर काम झालं, कुंभाराने चाकावर केलेले निमुळते नळे एकमेकांत गुंफून कमानीचं छत करण्याची रीत विकसित झाली, ज्याला लाकूड जवळजवळ लागत नाही. मेळघाटात लवादा इथे बांबू केंद्र आहे, चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. केंद्र सरकारने तर आयआयटी दिल्ली आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या मदतीने प्रदेशानुसार ग्रामीण घरांचे नमुने करवून घेतले आहेत. आमच्या तालुक्यात यांतला एकही नमुना भिंतीवर लावलेला मी पाहिला नाही.

बांबूची भीती लोकांना किडीची वाटते, आणि ती खोटी नाही. ओला, कोवळा, पावसाळ्यात तोडलेल्या बांबूला घुण लागतोच. तीन वर्षं पक्व झालेला बांबू हिवाळ्यात तोडून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवला, आणि जमिनीचा व पावसाचा स्पर्श टाळला, तर तो पिढीभर टिकतो. २०११ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने मिळाले. २०१७ मध्ये कायदा बदलून जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून वगळला गेला. शेताच्या बांधावर लावलेला बांबू आता कोणाचीही परवानगी न घेता तोडता येतो. मग पडवीच्या छताला, आतल्या कुडाला तो वापरायला काय हरकत आहे?

पडवीवरून आठवलं. घरकुलाच्या नकाशात छपरी, म्हणजे पडवी, नसते. विदर्भातलं एकही जुनं घर छपरीशिवाय नव्हतं. बैलाची जुपणी, कापसाची गाठोडी, पाहुण्याची बाज, म्हाताऱ्याचं बसणं, सगळं छपरीत. ती भिंतीवर ऊन पडू देत नाही, हा तिचा सर्वांत मोठा उपयोग. एवढ्या लहान घरात छपरीला जागा कुठून काढणार, असं तुम्ही म्हणाल. निदान पश्चिमेच्या भिंतीला न्हाणी, जिना किंवा लाकडं रचायची जागा द्या, म्हणजे दुपारचं ऊन राहत्या खोलीच्या भिंतीवर थेट पडणार नाही. आणि छपरीसाठी आम्ही बांबू-कवेलूचं छत स्वखर्चाने काढलं तर घर मोजताना ते खोडू नका.

आता रंगरंगोटीकडे येते, कारण दिवाळीआधी प्रत्येक घरी तोच विषय असतो आणि तिथेही चुकीच्या गोष्टींवर पैसा जातो. सगळ्यात आधी छत. स्लॅब असो की टिना, वरून पांढरा चुना मारला तर आतला ताप कमी होतो. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं स्वतंत्र धोरणच आणलं. तेलंगणा गडचिरोली-चंद्रपूरला लागून आहे, तिथलं ऊन आमच्या उन्हापेक्षा काही वेगळं नाही. घरकुलाचा शेवटचा हप्ता सोडताना छत पांढरं केल्याचा फोटो मागा. जो फोटो तुम्ही मागता ते काम गावात हमखास होतं.

आतल्या भिंतींसाठी शेणापासूनचा प्राकृतिक रंग आता मिळतो. खादी आयोगाने १२ जानेवारी २०२१ ला तो बाजारात आणला, आणि जयपूरच्या ज्या संस्थेने तो विकसित केला तिला नाव आहे जे. सी. कुमारप्पा यांचं, ज्यांनी वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांवर आयुष्य घातलं. आमच्या महिला बचत गटांना प्रशिक्षण आणि सुरुवातीची यंत्रं मिळाली तर घरकुलांना लागणारा रंग तालुक्यातच तयार होईल. तोवर साधी सफेदी आणि गेरू काही वाईट नाहीत. घरात लहान लेकरं असतील तर जुना पडून राहिलेला तैलरंग वापरू नये, असंही माझं लोकांना सांगणं असतं. १ नोव्हेंबर २०१७ पासून रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा आली, त्याआधीच्या डब्यांची खात्री देता येत नाही.

जमिनीला चकाकणारी टाईल्स लावायची हौस मी समजू शकते, पण गेरू घातलेला लाल कोबा स्वस्त पडतो, उन्हाळ्यात पायाला गार लागतो आणि सारवावा लागत नाही. छताला प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकण्याचं खूळ मात्र आता गावातही आलं आहे. टिनाखाली ते लावल्याने थोडा ताप अडतो म्हणून लोक लावतात. आग लागली तर त्यातून विषारी धूर निघतो, आणि आमची स्वयंपाकघरं चुलीची आहेत. त्याऐवजी बुरडाकडून विणून घेतलेले बांबूचे तट्टे मातीने किंवा चुन्याने लिंपून टिनाखाली बसवले तर तेवढाच ताप अडतो आणि पैसा गावातल्या कारागिराकडे जातो. पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचं तेच. वेचणी संपली की आम्ही ती उपटून धुऱ्यावर जाळतो. तिच्यापासून चांगले बोर्ड होतात हे मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने दाखवून दिलं आहे. घरकुलातली आतली आडभिंत, कपाट, दार यांना ते बोर्ड लागले तर कापूस पिकवणाऱ्या मुलखाला आपल्याच पिकाचा असाही उपयोग होईल.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर कोणी लिहीत नाही. घरकुल मंजूर झालं की जुनं घर पाडतात. त्यातून शंभर वर्षांचं सागवान निघतं. खांब, चौकटी, बिजागऱ्या असलेली दारं, देवळीची कमान. दुसऱ्याच दिवशी शहरातून गाडी येते आणि पडेल त्या भावाने सगळं उचलून नेते. तिकडे त्या दारांना बंगल्यांत मान मिळतो आणि आमच्या नव्या घराला लोखंडी पत्र्याचं दार बसतं, जे मे महिन्यात हाताला चटका देतं. जुनी चौकट नव्या भिंतीत बसते. त्यासाठी नकाशात दाराची रुंदी-उंची लाभार्थ्याला ठरवू द्या आणि पाडायच्या आधी एकदा अभियंत्याने येऊन काय काय परत वापरता येईल ते सांगावं. जुन्या भिंतीची पांढरी माती, जोत्याचा काळा दगड, विटांचे तुकडे, सगळं नव्या घरात जातं. पैसे वाचवण्याची याहून सोपी जागा नाही.

मग हे होत का नाही? माझ्या पाहण्यात याचं मूळ भीतीत आहे. योजनेच्या चौकटीत पक्क्या घराची जी व्याख्या आहे, तिच्यात सिमेंटची सक्ती नाही. तिथल्या हवामानात, वाजवी देखभालीने ३० वर्षं टिकेल असं घर, एवढंच ती म्हणते. पण घरांच्या मोजणीत मातीची भिंत कच्ची आणि टिनाचं छत पक्कं अशी विभागणी लोकांनी वर्षानुवर्षं पाहिली आहे. आमच्या भागात एकाने दगड-मातीची जाड भिंत घेऊन काम सुरू केलं. त्याला मोजमाप घेणाऱ्याने तोंडी सांगितलं की याचा फोटो वर चालणार नाही. लेखी काही दिलं नाही. त्याने भिंत पाडली आणि सिमेंटच्या ठोकळ्यांची घातली. ती बातमी चार गावांत फिरली. त्यानंतर मी कितीही समजावलं तरी कोण धाडस करणार? हप्ता अडला तर पावसाळ्यात कुटुंब उघड्यावर येतं.

म्हणून लेखी हवं. एक परिपत्रक, साध्या मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येईल असं. त्यात स्पष्ट लिहा की मानकांप्रमाणे बांधलेली माती-चुन्याची, दाबलेल्या मातीच्या विटांची, राखेच्या विटांची, पोकळ भिंत, फिलर स्लॅब, बांबू-कवेलूचं छत, हे सगळं चालेल आणि त्याचा जिओटॅग (जागेच्या नोंदीसह काढलेला) फोटो नाकारला जाणार नाही. त्याबरोबर पूर्व आणि पश्चिम विदर्भासाठी वेगळे नकाशे द्या, कारण गोंदिया-भंडाऱ्याचा पाऊस आणि बुलढाण्याचा पाऊस सारखा नाही आणि तिथली मातीही सारखी नाही. खिडक्या समोरासमोर, छताजवळ झरोके, पाखं लांब, एवढं तर सगळ्याच नकाशांत असायला पैसे पडत नाहीत. ग्रामीण गवंड्यांचं ४५ दिवसांचं प्रशिक्षण योजनेत आहेच, त्यात चुन्याचा गिलावा आणि ही नवी रचना शिकवा, आणि त्यात बायांनाही घ्या. भिंत छाबणं, गिलावा घोटणं हे काम आमच्या बाया पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत, फक्त त्याची मजुरी त्यांना कधी मिळाली नाही.

खर्च वाढेल असं उत्तर येईल हे मला माहीत आहे. वरच्या बहुतेक गोष्टींत साहित्य कमी लागतं आणि मजुरी जास्त लागते. मजुरी गावात राहते, आणि रोजगार हमीचे ९० दिवस तर तुम्ही आधीच देता आहात.

आमच्या ग्रामपंचायतीपुरतं सांगते. एक नमुना घरकुल बांधायला गावठाणातली जागा दाखवायचा आणि त्यासाठी राजी असलेल्या लाभार्थ्याचं नाव सुचवायचा ठराव मी येत्या ग्रामसभेत मांडणार आहे. तुमच्याकडून एक अभियंता हवा, जो पायव्यापासून छतापर्यंत सोबत राहील, आणि मोजमापाच्या वहीत त्या घराची नोंद कशी करायची हे आधी ठरवून येईल. घर झाल्यावर मे महिन्यात त्याच्यात आणि शेजारच्या टिनाच्या घरकुलात एकेक तापमापक लावू आणि दुपारचे, मध्यरात्रीचे आकडे तुम्हाला पाठवू. पिकं निघाली की काम सुरू करता येईल. त्याआधी परिपत्रक आमच्या हातात पडलं तर या वर्षीच्या यादीतली बाकीची घरंही त्याच रीतीने बांधायला लोक तयार होतील.

आपली,
एक ग्रामपंचायत सदस्य
जिल्हा वर्धा